प्लगइनमधील क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग त्रुटी आणि महाविद्यालयीन संकेतस्थळे : एक चिकित्सक अभ्यास (अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

महाविद्यालयाचे संकेतस्थळ ही काही वर्षांपूर्वी हौसेची बाब मानली जात असे. आज तशी स्थिती राहिलेली नाही. प्रवेशाची सूचना, परीक्षा-अर्जाची मुदत, शिष्यवृत्तीची यादी, शुल्क भरण्याची सोय या सर्व गोष्टी संकेतस्थळावर आल्या आहेत. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या अर्थात नॅकच्या मूल्यांकनामुळे संस्थेचे अहवाल व कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. १४ तालुक्यांच्या या जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील विद्यार्थ्याला नगर शहरातील महाविद्यालयाचा सूचनाफलक वाचायचा तर शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. त्याच्या दृष्टीने संकेतस्थळ हाच सूचनाफलक होय. तेथे जे लिहिले आहे ते महाविद्यालयाने सांगितले आहे, असे तो गृहीत धरतो आणि त्या विश्वासावर आपले नाव, जन्मतारीख, भ्रमणध्वनी क्रमांक व बँकेचा तपशील भरतो. परंतु महाविद्यालयाच्या पत्त्यावर दिसणारा मजकूर महाविद्यालयाचाच असतो काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग ही सुरक्षा-त्रुटी नेमका हाच प्रश्न उभा करते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखात पुढील उद्दिष्टे समोर ठेवली आहेत.
(१) क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग या त्रुटीचे स्वरूप मराठी वाचकाला समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.
(२) प्लगइनमधील निवडक घटनांच्या आधारे या त्रुटीची कारणे तपासणे.
(३) देवनागरी मजकुराच्या संदर्भात उद्भवणाऱ्या अडचणींचा विचार करणे.
(४) प्रचलित उपायांची चिकित्सा करून महाविद्यालयांची जबाबदारी निश्चित करणे.

अभ्यासासाठी विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध झालेल्या घटनांचाच आधार घेतला आहे. जिल्ह्यातील कोणत्याही विशिष्ट संस्थेच्या संकेतस्थळाची तपासणी येथे केलेली नाही.

३. संकल्पना व स्वरूप

ग्रामीण महाराष्ट्राला कोतवालाची दवंडी परिचित आहे. दवंडीतील मजकूर कोणी लिहिला हे गावकरी तपासत नाहीत. आवाज कोतवालाचा आहे, म्हणून सूचना सरकारी आहे असे ते मानतात. एखाद्याने कोतवालाच्या हातातील कागदावर स्वतःचे एक वाक्य लिहून ठेवले आणि कोतवालाने ते तसेच वाचून दाखविले, तर गावाच्या दृष्टीने ते वाक्यही सरकारीच ठरते. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगमध्ये हेच घडते. संकेतस्थळाला कोणीतरी मजकूर पुरवितो, त्या मजकुरात ब्राउझरला देण्याची आज्ञा दडलेली असते आणि संकेतस्थळ ती न पारखता आपल्याच पृष्ठाचा भाग म्हणून वाचकाच्या ब्राउझरकडे पाठविते. ब्राउझरच्या दृष्टीने ती आज्ञा त्या संकेतस्थळाचीच असते.

ब्राउझरचा हा समज चुकीचा म्हणता येत नाही. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा आली आणि तिच्याबरोबर एक नियमही आला. एका संकेतस्थळाच्या आज्ञावलीने दुसऱ्या संकेतस्थळाच्या माहितीला हात लावू नये, असा तो नियम होय. संपूर्ण वेबची सुरक्षा या कुंपणावर उभी आहे. तथापि परकी आज्ञा जर कुंपणाच्या आतूनच बोलली जात असेल, तर कुंपण निरुपयोगी ठरते. २००० च्या प्रारंभी या त्रुटीला आजचे नाव मिळाले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतील 'सर्ट' या संस्थेने तिच्याविषयी पहिली सविस्तर सूचना प्रसिद्ध केली.

या त्रुटीचे साधारणतः तीन प्रकार मानले जातात. घातक मजकूर संकेतस्थळाच्या माहितीसाठ्यात कायम राहून प्रत्येक वाचकाला दाखविला जातो, तो 'साठविलेला' प्रकार होय. दुव्यातून पाठविलेला मजकूर लगेच पृष्ठावर उमटतो, तो 'परावर्तित' प्रकार होय. सर्व्हरचा संबंध न येता ब्राउझरमधील आज्ञावलीच फसते, तो तिसरा प्रकार होय. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर सॅमी कामकार या तरुणाने पहिल्या प्रकारचा वापर करून एक 'किडा' सोडला. एका दिवसाच्या आत तो दहा लाखांहून अधिक सदस्यांच्या पृष्ठांवर पोहोचला. त्यात चोरीचा हेतू नव्हता, परंतु त्रुटीची ताकद त्यातून जगासमोर आली.

४. प्लगइन : उसने घेतलेले कर्तृत्व

महाविद्यालये, वृत्तपोर्टले, लहान व्यावसायिक यांची असंख्य संकेतस्थळे वर्डप्रेस या मुक्त प्रणालीवर उभी आहेत. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मे २००३ मध्ये आली आणि २००४ मधील आवृत्तीत प्लगइनची सोय झाली. मूळ प्रणालीत हात न घालता तिला नवे काम शिकविणारा जोडभाग म्हणजे प्लगइन. अर्ज, छायाचित्र-दालन, फिरती सूचनापट्टी, निकालाचा तक्ता या प्रत्येकासाठी प्लगइन उपलब्ध आहे आणि बहुतेक विनामूल्य आहेत.

सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु प्रत्येक प्लगइनबरोबर एका अपरिचित लेखकाला आपल्या पृष्ठावर लिहिण्याचा अधिकार आपण देत असतो. मूळ प्रणालीची तपासणी अनेकांच्या नजरेखाली होते, प्लगइनचा लेखक मात्र कित्येकदा एकटाच असतो. पॅचस्टॅक या सुरक्षा-संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात वर्डप्रेसच्या परिसरात त्या वर्षी नोंदविलेल्या नव्या त्रुटींपैकी बहुतांश त्रुटी प्लगइनमध्ये होत्या आणि निम्म्याहून अधिक त्रुटी क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगच्या होत्या. २०२४ मध्ये मायटर या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या सर्वाधिक घातक २५ दोषप्रकारांच्या यादीतही याच त्रुटीचा क्रमांक पहिला होता. पंचवीस वर्षे ज्ञात असलेला, उपाय ठाऊक असलेला दोष पहिल्या क्रमांकावर राहतो, तेव्हा कारण केवळ तांत्रिक अज्ञानात नाही, असे म्हणावे लागते.

५. तीन घटनांची चिकित्सा

५.१ एप्रिल २०१५ : न लिहिलेले वाक्य

पृष्ठाच्या पत्त्याला नवे घटक जोडणारे आणि काढून टाकणारे असे दोन फलन वर्डप्रेसमध्ये आहेत. त्यांच्याकडून मिळणारा पत्ता पृष्ठावर छापण्यापूर्वी निर्धोक करून घेणे प्लगइनच्या लेखकाचे काम होते. परंतु अधिकृत दस्तऐवजात ही बाब पुरेशी स्पष्ट नव्हती. हे काम फलनच करीत असेल, असे अनेकांनी गृहीत धरले. परिणामी जेटपॅक, योस्टचे एसईओ प्लगइन यांसारख्या अत्यंत लोकप्रिय प्लगइनमध्येही एकच त्रुटी आढळली आणि २० एप्रिल २०१५ रोजी अनेक लेखकांना एकाच वेळी दुरुस्त आवृत्त्या प्रसिद्ध कराव्या लागल्या.

या घटनेचे मर्म भाषेत आहे. कुशल लेखकही चुकले, कारण त्यांच्या हातातील संदर्भग्रंथात एक वाक्य लिहिलेले नव्हते. निर्धोकतेची जबाबदारी कोणाची हे जेथे लिहिलेले नसते, तेथे प्रत्येक जण ती दुसऱ्याची मानतो.

५.२ ऑक्टोबर २०२१ : ओळख आणि अधिकार

दुसरी घटना आपल्या अधिक जवळची आहे. पुणे येथील ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीचे 'स्टार्टर टेम्प्लेट्स' हे प्लगइन दहा लाखांहून अधिक संकेतस्थळांवर वापरले जाते. तयार आराखडे आयात करून काही मिनिटांत देखणे संकेतस्थळ उभे करता येते, हे त्याचे वैशिष्ट्य. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी वर्डफेन्स या संस्थेने त्यातील त्रुटी कळविण्यास प्रारंभ केला. एलिमेंटर हे प्लगइन सोबत असलेल्या संकेतस्थळांवर 'कॉन्ट्रिब्यूटर' म्हणजे केवळ लेखाचा मसुदा पाठविण्याची मुभा असलेला वापरकर्ताही बाहेरच्या सर्व्हरवर ठेवलेला घातक जावास्क्रिप्टयुक्त आराखडा आयात करून कोणतेही पृष्ठ पूर्णपणे बदलू शकत होता.

प्लगइनमध्ये तपासणी नव्हती असे नाही. विनंतीसोबत एक सांकेतिक चिठ्ठी मागितली जात होती. परंतु ती चिठ्ठी कॉन्ट्रिब्यूटरलाही त्याच्या नियंत्रणपृष्ठाच्या संहितेत सहज मिळत होती. विनंती खरोखर त्या वापरकर्त्याच्या पृष्ठावरून आली आहे, एवढेच चिठ्ठी सांगते. ती करण्याचा अधिकार त्याला आहे काय, हा वेगळा प्रश्न असतो. येथे ओळखीलाच अधिकार मानले गेले. कंपनीने ७ ऑक्टोबर रोजी दुरुस्त आवृत्ती दिली आणि त्रुटीचा तपशील नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. तीन दिवसांतील ही दुरुस्ती निश्चितच प्रशंसनीय आहे.

अशा त्रुटींविषयी 'लॉगिन असलेला वापरकर्ता लागतो, म्हणून धोका कमी' असे म्हटले जाते. हे मत महाविद्यालयाच्या बाबतीत टिकत नाही. भित्तिपत्रक, विभागाचे वृत्त, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा अहवाल यांसाठी विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना लेखनाची खाती दिली जातात. एकच पासवर्ड अनेकांना ठाऊक असतो आणि उत्तीर्ण होऊन गेलेल्या विद्यार्थ्याचे खाते बंद करण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही. जो वापरकर्ता इतरत्र अपवाद असतो, तो येथे नेहमीचा असतो.

५.३ सप्टेंबर २०२३ : दुरुस्तीनंतरचे नुकसान

वृत्तपोर्टलांसाठी बनविलेल्या 'न्यूजपेपर' व 'न्यूजमॅग' या रचनांसोबत येणाऱ्या टॅगडिव्ह कंपोजर या प्लगइनमधील साठविलेल्या प्रकारच्या त्रुटीचा वापर 'बलाडा इंजेक्टर' या टोळीने केला. येथे लॉगिनचीही आवश्यकता नव्हती. पेरलेली आज्ञा प्रशासकाने संकेतस्थळ उघडण्याची वाट पाही आणि त्याच्या अधिकाराने नवा खोटा प्रशासक निर्माण करी. सुकुरी या संस्थेला सप्टेंबर २०२३ मध्ये या टोळीने बाधित केलेली १७,००० हून अधिक संकेतस्थळे आढळली. त्यांपैकी ९,००० हून अधिक या एका त्रुटीशी संबंधित होती.

या प्रकारात नुकसान दोन टप्प्यांत होते. एकदा खोटा प्रशासक निर्माण झाल्यानंतर प्लगइन अद्ययावत केले तरी तो प्रशासक तेथेच राहतो. त्रुटी बुजविणे आणि घर झाडून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

६. देवनागरी मजकुराचा प्रश्न

मराठी संकेतस्थळांच्या संदर्भात एका मुद्द्याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. बाहेरून आलेला मजकूर छापताना त्यातील विशेष चिन्हांचे निरुपद्रवी रूपांतर करणे, म्हणजेच एस्केपिंग, हा या त्रुटीवरील मुख्य उपाय होय. पीएचपी भाषेच्या जुन्या आवृत्त्यांत यासाठी वापरले जाणारे एक फलन पाश्चात्त्य युरोपीय लिपी गृहीत धरीत असे. युनिकोडमध्ये साठविलेले प्रत्येक देवनागरी अक्षर तीन घटकांचे असते. ते फलन त्या घटकांना स्वतंत्र युरोपीय अक्षरे समजून बदलून टाकी आणि 'प्रवेश सूचना' या शब्दांच्या जागी तिरप्या स्वरचिन्हासह रोमन 'ए' आणि चलनाचे चिन्ह यांची निरर्थक माळ उमटे. मार्च २०१२ मध्ये आलेल्या पीएचपीच्या ५.४ या आवृत्तीत युनिकोड हे पूर्वनिर्धारित झाले, तेव्हा ही अडचण दूर झाली.

अशी अक्षरे फुटलेली दिसली की फलनच काढून टाकण्याचा मोह होणे साहजिक होते. मजकूर लगेच वाचता येतो, ग्राहकाची तक्रार मिटते आणि दार मात्र उघडे राहते. दुसऱ्या टोकाला, रोमन अक्षरांखेरीज काहीही न स्वीकारणारे नियम लिहिले जातात. अशा अर्जात 'ज्ञानेश्वर' हे नावच अवैध ठरते. एखाद्या नियमाने सर्व लिपींतील 'अक्षर' या वर्गाला मुभा दिली तरी काना, मात्रा, वेलांटी यांना युनिकोडमध्ये वेगळा वर्ग असल्यामुळे नाव विद्रूप होतेच.

वस्तुतः ही निवड खोटी आहे. साध्या मजकुराच्या जागी छापताना ज्यांचे रूपांतर करावे लागते ती चिन्हे पाचच आहेत : 'पेक्षा लहान' व 'पेक्षा मोठे' ही दोन चिन्हे, एकेरी व दुहेरी अवतरणचिन्ह आणि इंग्रजी 'अँड'चे चिन्ह. यांपैकी एकही देवनागरी वर्णमालेत नाही. वर्डप्रेसमध्ये साधा मजकूर, गुणधर्माचे मूल्य आणि पत्ता यांसाठी स्वतंत्र फलने उपलब्ध असून ती युनिकोड सांभाळतात. सुरक्षेसाठी मराठीचा बळी देण्याची गरज नाही आणि मराठीसाठी सुरक्षेचाही नाही.

७. प्रचलित उपायांची मर्यादा

(अ) 'वापरकर्त्याने सावध राहावे.' सायबर जागृतीच्या कार्यशाळांत पत्ता तपासा, कुलपाचे चिन्ह पाहा, असे सांगितले जाते. हा उपदेश बनावट संकेतस्थळांपुरता योग्य आहे. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगमध्ये पत्ताही खरा असतो आणि कुलूपही खरे असते. सेवा केंद्रातील सामायिक संगणकावरून अर्ज भरणाऱ्या विद्यार्थिनीने कितीही सावधगिरी बाळगली तरी तिला फरक ओळखता येणार नाही. जेथे फसवणूक संस्थेच्या स्वतःच्या आवाजात होते, तेथे दोष ऐकणाऱ्याला देता येत नाही.

(ब) 'आत येतानाच गाळून घ्यावे.' आवक मजकूर तपासणे उपयुक्त आहे, परंतु पुरेसे नाही. एकच मजकूर परिच्छेदात निरुपद्रवी आणि दुव्याच्या पत्त्यात घातक ठरू शकतो. मजकूर कोठे छापला जाणार, यावर त्याची निर्धोकता अवलंबून असते. म्हणून शेवटची पारख छापण्याच्या क्षणीच व्हावयास हवी.

(क) 'सुरक्षेचे प्लगइन बसवावे.' अशी साधने ज्ञात हल्ले थोपवितात. परंतु प्लगइनवरील उपाय म्हणून आणखी एक प्लगइन बसविले की मूळ प्रश्न पुढे ढकलला जातो. त्या नव्या प्लगइनची देखभाल कोण करणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

८. जबाबदारीचा प्रश्न

एका महाविद्यालयात संकेतस्थळाचे काम स्वीकारताना प्रस्तुत लेखकाच्या हाती जी फाइल आली, तीत देयकाच्या पावत्या होत्या, होस्टिंगच्या नूतनीकरणाची तारीख होती आणि मुखपृष्ठाच्या रंगसंगतीविषयीचा पत्रव्यवहारही होता. कोणकोणती प्लगइन बसविली आहेत, ती शेवटची कधी अद्ययावत झाली, प्रशासकाची खाती किती आहेत, यांची नोंद मात्र नव्हती. प्रशासकाची खाती मोजली तेव्हा त्यांतील एक खाते कोणाचे, हे कोणालाच सांगता आले नाही. ते कदाचित जुन्या कंत्राटदाराचे असेल. 'कदाचित' या शब्दावर शेकडो विद्यार्थ्यांची माहिती उभी होती, ही बाब लेखकाला आजही अस्वस्थ करते.

मूल्यांकनाच्या दृष्टीने संकेतस्थळ ही एक पूर्ण झालेली बाब असते. दुवा दिला, पृष्ठ उघडले, काम झाले. परंतु प्लगइनवर उभे असलेले संकेतस्थळ कधीच पूर्ण होत नाही. ते इमारतीपेक्षा विहिरीसारखे आहे. विहीर खोदल्याची नोंद एकदाच होते, गाळ मात्र दरवर्षी काढावा लागतो.

कायद्याची दिशाही संस्थेकडेच बोट दाखविते. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांत कळविण्याची तरतूद आहे आणि संकेतस्थळात शिरून घातक आज्ञावली किंवा बाहेरचे दुवे घुसविणे हा प्रकार त्या घटनांच्या यादीत समाविष्ट आहे. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेला २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा प्रत्यक्ष काम त्रयस्थाने केले तरी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेलाच उत्तरदायी मानतो. काम कंत्राटदाराकडे सोपविता येते, उत्तरदायित्व सोपविता येत नाही.

९. निष्कर्ष व शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.
(१) क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग ही मजकूर व आज्ञा यांतील सीमारेषा पुसली गेल्याने उद्भवणारी त्रुटी असून तिचा बळी संस्थेवर विश्वास ठेवणारा वाचक ठरतो.
(२) तपासलेल्या घटनांत त्रुटीचे मूळ हेतूपेक्षा गृहीतकांत आणि देखभालीच्या अभावात आढळते.
(३) देवनागरी मजकूर व सुरक्षा यांत कोणताही मूलभूत विरोध नाही.

या आधारे महाविद्यालयांसाठी पुढील शिफारशी कराव्याशा वाटतात.
(१) प्लगइनची नोंदवही ठेवावी. तीत नाव, प्रयोजन, आवृत्ती व अद्ययावत केल्याची तारीख असावी. प्रयोजन सांगता न येणारे प्लगइन केवळ निष्क्रिय न ठेवता काढून टाकावे.
(२) वर्डप्रेसमध्ये ऑगस्ट २०२० पासून उपलब्ध असलेली प्लगइन आपोआप अद्ययावत करण्याची सोय सुरू ठेवावी आणि तत्पूर्वी संकेतस्थळाची प्रत नियमित जतन करण्याची व्यवस्था करावी.
(३) प्रत्येक सत्राच्या अखेरीस खात्यांची छाननी करावी. ज्याचा धनी सापडत नाही ते खाते बंद करावे.
(४) कंत्राटाच्या अटींत रंगसंगतीइतकेच स्थान देखभालीला द्यावे. त्रुटी जाहीर झाल्यापासून किती दिवसांत दुरुस्ती होईल, हे लेखी असावे.
(५) संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातील प्रकल्पांत एस्केपिंग आणि अधिकार-तपासणी यांना स्वतंत्र गुण असावेत. पुण्यात तयार होणारी प्लगइन जगभर वापरली जातात, ती उद्या लिहिणारे विद्यार्थी आज याच परिसरातील वर्गांत बसलेले आहेत.

१०. समारोप

नोंदवही ठेवणे, जुनी खाती बंद करणे, वेळेवर अद्ययावत करणे या कामांना निधीपेक्षा सातत्याची गरज असते आणि त्यांतून कोणताही देखावा उभा राहत नाही. कदाचित म्हणूनच ती मागे पडतात. परंतु अकोल्याच्या किंवा जामखेडच्या विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवर महाविद्यालयाचे पृष्ठ उघडले असता त्याला महाविद्यालयाचेच शब्द वाचावयास मिळावेत, ही किमान अपेक्षा आहे. संस्थेने आपल्या नावाने बोलला जाणारा प्रत्येक शब्द आपला मानला, तरच ती पूर्ण होऊ शकेल.